मँडोलिनसुद्धा

नवी पेठेत नदाफनं तीन स्टँड काउंटरवर मांडले,
उघडे, पाय पसरून.
मी चष्मा कपाळावर सारला
आणि आधी बिजागऱ्या बघितल्या.

सत्तावीस वर्षं मागाचा फिटर होतो.
वस्तूचं खरंखोटं रंगावर नसतं,
ती जिथं दुमडते तिथं असतं.

पहिला पोलादी. जड. रिव्हेट ठोकलेला, वायसर नाही.
चार महिन्यांत खेळ येईल, मी म्हणालो.
नरसय्या, नदाफ म्हणाला,
गिटार ठेवायची आहे, माग बसवायचा नाही.

दुसरा लाकडी, देखणा,
खाचेत खाच घालून उभा राहणारा,
सुटा केला की दप्तरात जाणारा.
श्रावंतीला तोच हवा होता, तिच्या बोटांवरून कळत होतं.
पण एकाच मापाचा.

विडी घरकुलात आमची एक खोली.
गिटार आजवर बॉबिनच्या खोक्याला टेकून राहिली.
मे महिन्यात कूलर थरथरायला लागला
आणि ती कुणाला न सांगता
फरशीवरून सरकत गेली.
आवाज झाला तेव्हा तिची आई विड्या मोजत होती.
आकडा विसरली,
पुन्हा पहिलीपासून मोजल्या.
मानेला चीर पडलेली, केसाएवढी.
मी फेविकॉल भरला, शिकंजा लावला.
दोन दिवस घरात कुणी पाय आपटून चाललं नाही.

म्हणून स्टँड.
दुमडणारा, कारण रात्री तिथंच अंथरूण पडतं.
हलका, कारण गुरुवारी आणि रविवारी
ती जुळे सोलापूरला क्लासला जाते,
शेअर रिक्षात, गिटार मांडीवर,
रिक्षावाला दीड सीट मोजतो.

तिसरा ॲल्युमिनियमचा.
उचलला तर हात फसला माझा,
भरलेला समजून रिकामा डबा उचलावा तसा.
पाय ओढले की रुंद, ढकलले की अरुंद,
मधे टिचक्या.
मी वीसदा उघडला, वीसदा मिटला.
नदाफनं चहा सांगितला.

मग पिशवीतून मी मँडोलिन काढलं.

हे कशाला आणलंत, नाना?
श्रावंतीनं तेलुगूत विचारलं, हळू,
नदाफला कळू नये म्हणून.
नदाफनं बशीत चहा ओतला, खाली बघत.
त्याला आमच्याएवढं तेलुगू येतं.

माझ्या मेव्हण्याचं ते. बँडमध्ये वाजवायचा.
भिवंडीला गेला तेव्हा म्हणाला,
ठेवा, दिवाळीला येऊन नेतो.
अकरा दिवाळ्या झाल्या.
नंबर लागत नाही.
बायको भावाचं नाव काढत नाही,
पण धूळ पुसायला घेते तेव्हा
कपाटाच्या माथ्यापासून सुरुवात करते.
आठ तारांतल्या पाच आहेत.

अर्ध्या कलिंगडासारखी त्याची पाठ.
लाकडी स्टँडमधून ते सरळ खाली उतरलं.
पोलादीवर बसलं, पण रुसून, तिरकं.
ॲल्युमिनियमचे पाय मी आत घेतले,
एक टिचकी, दुसरी, तिसरी.
बसलं.

नऊशे सांगितले, आठशे दहाला दिला.
श्रावंती पांजरापोळ चौकापर्यंत बोलली नाही.

घरी रबराला हात लावला तर चिकट.
असलं रबर उन्हाळ्यात पॉलिश खातं,
आणि उन्हाळा सोलापूरचा.
कारखाना बंद झाला तेव्हा
पगारातल्या बाकीऐवजी टॉवेल मिळालेले, चार डझन.
त्यातला शेवटचा काठाकडून कापला,
रबरावर गुंडाळला, दोऱ्यानं बांधला,
वर विणकराची गाठ,
ताणली की आवळणारी.

गिटार ठेवली. छान दिसली.
मग मँडोलिन हातात घेऊन उभा राहिलो.
एका स्टँडवर एका वेळी एकच बसतं.
सत्तावीस वर्षांचा फिटर,
आणि दुकानात हे सुचलं नाही.

बायको हसली. बऱ्याच दिवसांनी,
पदर तोंडाला लावून.

आज गुरुवार.
श्रावंती क्लासला गेली, मांडीवर गिटार घेऊन.
तिच्यासाठी घेतलेला स्टँड
घरीच ठेवून गेलीय,
पाय आत ढकललेले,
तिसऱ्या टिचकीवर.